रक्त वाढविणारी बाटली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या पेठेतल्या एक काकू दवाखान्यात आल्या. वय साठीच्या आसपास. तक्रार एकच, जिना चढताना धाप लागते आणि अंगात त्राण नाही. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढराफटक. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि रक्त तपासून घ्या म्हटले. ‘‘पुढच्या खेपेला करते,’’ असे त्या म्हणाल्या. बाहेर रांग होती. मीही फार ताणून धरले नाही.

दहा दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला, शौचाला काळे होते आहे. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतोच. ‘गोळीमुळे आहे, घाबरू नका’ असे मी कळवले. आणखी दहा-बारा दिवसांनी काकू न्हाणीत चक्कर येऊन पडल्या. त्या वेळी हिमोग्लोबिन होते ५.९.

कोल्हापूरला दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा जठरात व्रण आणि त्यातून रक्तस्राव असल्याचे दिसले. तीन बाटल्या रक्त चढवावे लागले. नीट विचारपूस केल्यावर कळले, की गुडघेदुखीसाठी काकू वर्षभर मेडिकल दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होत्या. आणि सुनेने हळूच आणखी एक गोष्ट सांगितली, ‘‘रोज रात्री अर्धा कप पोर्ट वाइन घेतात. रक्त वाढावं म्हणून. पाच महिने झाले.’’

मी विचारले, ‘‘मला का नाही सांगितलंत?’’ काकू म्हणाल्या, ‘‘अहो, ती काय दारू आहे? ते टॉनिक!’’

वाचकहो, हा समज आपल्या भागात किती खोलवर रुजला आहे ते आपणही जाणता. बाळंतिणीला ब्रँडीचा चमचा, म्हाताऱ्या माणसाला पोर्ट वाइनचे झाकण. हा समज आला कुठून? वाइनमधल्या अल्कोहोलने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गाल लाल होतात, अंगात ऊब येते. भूक लागते, झोपही लागल्यासारखी वाटते. पाहणाऱ्याला वाटते, तोंडावर रक्त चढले. वास्तविक शरीरात होते तेच रक्त कातडीकडे आलेले असते. लोहाचे म्हणाल, तर वाइनची अख्खी बाटली रिकामी केली तरी चार-पाच मिलिग्रॅमच्या वर हाती लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते.

काकूंच्या व्रणाचा मुख्य दोष वेदनाशामक गोळीचा, हे मान्य. पण अशा गोळीच्या जोडीला रोज अल्कोहोल असेल तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्याहून मोठे नुकसान वेगळेच. ‘उपचार चालू आहे’ या समाधानात पाच महिने गेले. शेवटचे तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत. काळ्या शौचाचा निरोप आला तेव्हाच, गोळी सुरू होण्याआधी रंग कसा होता, डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीयुक्त होते का, हे मी विचारायला हवे होते. ते आधीपासूनच तसे होते, असे सूनबाईंनी नंतर सांगितले.

बाटली पाहायची म्हणून काकांना ती आणायला सांगितली. पहिली बाटली त्यांनी गोव्याच्या सहलीत घेतली होती. काजूगर, बिबिंका आणि वाइन एकाच फळीवर मांडलेली दुकाने आपण पाहिली आहेतच. ती संपल्यावर पुढच्या बाटल्या मात्र गल्लीतल्या एका किराणा दुकानातून आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, गोव्याच्या भावापेक्षाही स्वस्त! काकांच्या मते ही खास ओळखीची सोय. बाटलीचे लेबल तिरके चिकटवलेले, बॅच क्रमांक पुसट, परवाना क्रमांक नाही, आणि झाकणाची कडी आधीच सैल. वर ‘पोर्ट’ लिहिलेले. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यात होते. द्राक्षरस आंबत असताना मध्येच द्राक्षाचे मद्यार्क घालून आंबणे थांबवतात, म्हणून ती गोड राहते आणि चढतेही. तिच्यात अल्कोहोल साधारण २० टक्के. आपल्याकडे ‘पोर्ट’ हे गोड लाल वाइनचे नुसते नाव होऊन बसले आहे. गोव्यातही द्राक्षे फारशी पिकत नाहीत, तिथल्या वाइनला द्राक्ष महाराष्ट्र-कर्नाटकातून जाते. यात गैर काही नाही. परवान्याने बनलेल्या बाटलीवर कारखान्याचा पत्ता असतो, काही बिघडले तर विचारायला एक दार असते. काकांच्या बाटलीला ते दार नव्हते.

मी त्या दुकानदाराला जाऊन विचारले. तो तसा सालस माणूस. म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, मी थोडीच बनवतोय? गाडीवाला आणून देतो.’’ गाडीवाला कुठून आणतो, हे त्याला ठाऊक नव्हते आणि त्याने कधी विचारलेही नव्हते. विनापरवाना विक्री हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले. कायदा त्यालाही माहीत होता.

स्वस्त वाइनमध्ये भेसळ होत नाही, असे कुणी समजू नये. १९८५ मध्ये ऑस्ट्रियात वाइनला गोडी आणि दाटपणा यावा म्हणून डायएथिलिन ग्लायकॉल मिसळल्याचे उघडकीस आले. हे द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते. पुढच्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले, ते प्रकरण आमच्या पिढीचे डॉक्टर विसरलेले नाहीत. त्याच १९८६ साली इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल घातले गेले. वीसहून अधिक माणसे मेली आणि काहींची दृष्टी गेली. आपल्याकडे मिथेनॉलनेच २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर बळी घेतले. तिथे वाइन नव्हती, गावठी दारू होती. पण बाटलीचा उगम ठाऊक नसेल, तर या दोहोंतला फरक लेबलापुरताच.

मिथेनॉल चवीला, वासाला वेगळे कळत नाही. पेटवून ज्योत निळी दिसली म्हणजे माल शुद्ध, ही परीक्षाही फसवी आहे. प्यायल्यावर लगेच काही होत नाही, नेहमीसारखी नशा येते. बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप, आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पसरल्यासारखे दिसू लागते. या वेळी ‘उतरेल, झोपू द्या’ म्हणू नये. लिंबूपाणी, ताक यांत वेळ घालवू नये. सलाइन, उतारा आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने हलवावे आणि उरलेली बाटली सोबत न्यावी. त्याच बाटलीतून ज्यांनी घेतली, त्यांना त्रास नसला तरी सोबत न्यावे.

डॉक्टर विचारतात तेव्हा पोर्ट वाइन, ब्रँडीचे झाकण, आसव, चूर्ण, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, सगळे सांगावे. आम्ही विचारले नाही तरी सांगावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना वाइनचे एक झाकणही नको.

काकू आता बऱ्या आहेत. परवा हिमोग्लोबिन ११.२ आले. गुडघ्यासाठी शेक आणि व्यायाम चालू आहे, कुरकुरत का होईना, पण करतात. त्यांच्यासमोरच काका मला म्हणाले, ‘‘डॉक्टर, ती बाटली अर्धी भरलेली आहे हो. तुमच्याकडेच राहिली.’’

ती मी त्याच दिवशी मोरीत ओतली होती. तसे सांगितल्यावर काकांचा चेहरा पडला. काकू मात्र म्हणाल्या, ‘‘बरं केलंत.’’