जाळीतल्या पोकळीचे गणित

हार्वर्ड विद्यापीठात एल. महादेवन आणि जेनिफर लुईस यांच्या गटांनी २०१९ साली एक सपाट रबरी जाळी छापली. तापमान बदलले की ती जागोजागी फुगत, खचत जाते आणि तिच्यातून गणितज्ञ गाऊसचा चेहरा वर येतो. अशा कामाचे कौतुक झाले की ते बहुतेक प्रिंटरच्या किंवा ‘हुशार’ पदार्थाच्या वाट्याला जाते. मला ते चुकीच्या खात्यावर जमा झाल्यासारखे वाटते. तापल्यावर कमीजास्त पसरणारे दोन थर एकमेकांना चिकटवले की पट्टी वाकते, ही गोष्ट जुनी आहे. अभियंता टिमोशेंकोने तिचे गणित १९२५ सालीच मांडून ठेवले. नवेपण आहे ते पोकळीच्या वापरात.

चेहरा गाऊसचाच निवडला, यात थोडी थट्टा असावी आणि थोडी कृतज्ञताही. पृष्ठभागाची वक्रता त्याच्यावरच मोजलेल्या अंतरांतून कळते, हे त्याने १८२७ साली सिद्ध केले. याचा उलटा अर्थ असा, की अंतरे बदलल्याशिवाय सपाटाचा घुमट होत नाही. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो तो याच कारणाने: कापड ताणले जात नाही, म्हणून ते मधेच खाऊन टाकावे लागते. आता सिलिकॉन रबर शंभर अंश तापवले, तरी त्याची लांबी जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते. तेवढ्यात नाक कुठून उभे राहणार? अखंड पत्र्यापाशी या प्रश्नाला उत्तर नाही, जाळीपाशी आहे. तिची प्रत्येक काडी सरळ न छापता कमानीसारखी छापलेली असते. कमान थोडी अधिक वाकली की तिची दोन टोके जवळ येतात, उलगडली की लांब जातात, आणि पदार्थ स्वतः फारसा ताणला न जाताही दोन सांध्यांमधले अंतर पुष्कळ बदलते. काडीच्या छेदात शाईचे, म्हणजे छापायच्या रबरी पदार्थाचे, चार भाग आहेत. डाव्या-उजव्या भागांतला फरक हे अंतर ठरवतो आणि वरच्या-खालच्या भागांतला फरक काडीला प्रतलाबाहेर वाकवतो. काचतंतू मिसळलेली शाई कमी पसरते, नुसती रबरी शाई जास्त. संगणकाचे काम उलट दिशेने चालते: हव्या त्या चेहऱ्यापासून निघून जाळीच्या प्रत्येक चौकटीने किती वाढायचे आणि त्यासाठी कोणत्या काडीत कोणती शाई कुठे घालायची, इथवर यायचे. काड्यांना वाकायला जागाच नसती, तर हा सगळा हिशेब कागदावरच राहिला असता.

यावर रोखठोक प्रश्न येतो: मग चेहरा सरळ त्रिमितीतच का छापू नये? नुसता पुतळा हवा असेल तर जरूर छापावा. पण सपाट छपाईत लोंबत्या भागांना टेकू द्यावे लागत नाहीत आणि विद्युतवाहक रेषा ओढणे सोपे जाते. याच गटांनी द्रवरूप धातू घालून असा एक अँटेना केला, आकाराबरोबर ज्याची वारंवारता सरकते. तिथे आकार बदलणे हेच काम आहे. एकाच आकारात गोठलेली वस्तू ते करू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ही जाळी मऊ आहे, तिच्यावर भार कसला टाकणार? आक्षेप खरा आहे, आणि पदार्थ बदलून तो पूर्ण मिटतही नाही. थरांची जाडी निम्मी केली तर वक्रता दुप्पट मिळते, पण वाकायला होणारा विरोध आठपट घटतो. म्हणजे जास्त वाकणारी काडी स्वतःच्याच वजनाने लवकर झुकते, आणि जाळी मोठी होत जाते तसे हे दुखणे वाढत जाते. चौकटी लहान करून भागेल म्हणावे, तर काड्या आखूड होतात. नोझलची जाडी तीच राहिल्याने कमानीला खेळायला जागा उरत नाही. चौकटी मोठ्या ठेवल्या, तर चौकटीहून लहान तपशील, समजा पापणीची कड, जाळीतून निसटतो. अमुक नोझलने अमुक आकार जमणार नाही, इतके संगणक आधीच सांगू शकतो. मात्र नाकाची उंची सोडायची की पापणीची कड, हे रचनाकारालाच ठरवावे लागते, आणि तेही पहिली रेघ छापण्याआधी.