चिंदविन: तीनदा ओलांडलेली नदी

नकाशावर चिंदविन म्हणजे इरावतीची एक उपनदी. दुसऱ्या महायुद्धात मात्र ब्रह्मदेशाच्या जंगलातला भारताच्या वेशीवरचा खंदक तीच होती. मे १९४२मध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिश-भारतीय फौजेला श्वेजिनच्या काठावर रणगाडे निकामी करून टाकून यावे लागले. मार्च १९४४मध्ये जपानी सैन्य उलट दिशेने नदी उतरून इंफाळ-कोहिमावर चाललं. ओझ्याला आणि पोटाला म्हणून हाकत आणलेली कितीतरी गुरं पाण्यातच गेली. पुढच्या उपासमारीची ही नांदीच म्हणायची. सांगशाकला जपान्यांना रोखणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही होती. डिसेंबर १९४४मध्ये परतलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेने कालेवा इथे नदीवर ११५४ फुटांचा तरंगता बेली पूल टाकला. तेव्हा जगात एवढा लांब बेली पूल दुसरा नव्हता.