दप्तराची दुसरी प्रत व फितींचें यांत्रिक कपाट

इ. स. २०२० च्या जूनच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागेजवळ किनाऱ्यास धडकलें व तालुक्यांतील अनेक घरांचीं छपरें उडालीं. मांडव्यासारख्या खाऱ्या हवेच्या गांवीं जुन्या कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं त्याच घरीं ठेवणें म्हणजे प्रत न घेण्यासारखेंच होय. मोठे संग्रह अशी प्रत चुंबकीय फितींवर घेऊन त्या यांत्रिक कपाटांत ठेवतात. यासच टेप लायब्ररी म्हणतात. तिची रीत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेशवे दप्तरांत कागद फडक्यांत बांधून रुमाल करतात. रुमालाचा क्रमांक व यादी यांचा मेळ असेल तरच कागद हातीं येतो. या कपाटाचेंही तसेंच आहे. त्यांत फितींच्या डब्यांचे खण, वाचन-लेखनाचें यंत्र व या दोहोंमध्यें फिरणारा यांत्रिक हात असतो. फितीवर काय लिहिलें आहे हें त्या हातास ठाऊक नसतें. तो डबीवरील बारकोडाची चिठ्ठी तेवढी ओळखतो. प्रचलित एलटीओ जातीच्या चिठ्ठींत आठ अक्षरें असतात. पहिलीं सहा फितीची ओळख व शेवटचीं दोन तिची पिढी सांगतात. दोन फितींस एकच क्रमांक दिला कीं घोटाळा झालाच.

नवी फीत प्रथम यंत्राच्या खोलींत २४ तास ठेवावी. दमट किनाऱ्यावरून आणली असल्यास हें विसरूं नये. मग चिठ्ठी सरळ लावून मेल स्लॉट नांवाच्या झरोक्यांतून फीत आंत द्यावी. यंत्र चिठ्ठ्या वाचून यादी करतें. ती आपल्या नोंदवहीशीं ताडल्यावांचून लेखनास आरंभ करूं नये. नवव्या पिढीच्या कोऱ्या फितीची सिद्धता होण्यास कधीं दोन तासही लागतात. यंत्र अडकलें असें समजून ती मध्येंच काढूं नये. साफसफाईच्या फितीवर मजकूर लिहीत नाहींत. तिची चिठ्ठीही निराळी असते.

भरलेल्या फितीची लेखनबंदीची खूण सरकवून एक प्रत परगांवीं पाठवावी. मांडव्याहून भाऊच्या धक्क्यास रो-रो बोट जाते खरी, पण मुंबईसही तीच खारी हवा; आमच्या मतें पुण्यासारखें घाटावरचें ठिकाण बरें.

खरी चिंता पुढेंच आहे. २००० सालची पहिली एलटीओ फीत १०० गिगाबाइटांची होती, २०२१ ची नववी १८ टेराबाइटांची आहे. परंतु नवव्या पिढीचें यंत्र आठवीच्या मागील फीत वाचीत नाहीं. मोडी कागद शाबूत असून वाचणारा न मिळणें आमच्या वाचकांस नवें नाहीं. यास्तव जुनें यंत्र चालू आहे तोंच मजकूर नव्या फितीवर उतरवावा, आणि उतरवितांना जुन्या फितीचा क्रमांक नव्या नोंदींत अवश्य लिहावा.