मशेरी लावणं म्हणजे दात घासणं नव्हे

मशेरी कोण लावतं, हात वर करा, असं मी म्हणणार नाही. कारण कोणी करणार नाही. पण घरात किंवा शेजारात मशेरी लावणारी एखादी आजी, काकू असतेच. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "व्यसन कसलं? मी तर दात घासते."

आता बघा, दात घासायचे कशासाठी? दातांवर जंतूंचा चिकट थर सतत बसत असतो. गोड खाल्लं की हे जंतू त्यापासून आम्ल बनवतात आणि दात किडतो. हाच थर हिरडीच्या कडेला साचला की हिरडी सुजते, रक्त येतं. तो थर काढणं हे खरं काम. बोट त्या कडेपर्यंत नीट पोचत नाही. उलट तंबाखूतलं निकोटीन तोंडातल्या नाजूक अस्तरातून रक्तात जातं. म्हणूनच सकाळी लावली नाही तर चैन पडत नाही, आणि डबी दिवसातून चारदा उघडते. यालाच व्यसन म्हणतात. यातून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. दंतमंजनात, टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार?

मग घासायचं कसं? ब्रश मऊ केसांचा घ्या. तो दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवा. जागच्या जागी हलकेच हलवा, मग पुढच्या दातांवर जा. बाहेरून, आतून, दाढांच्या माथ्यावर. जोर लावू नका, भांडी घासायची नाहीत! फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्री झोपताना तर नक्कीच. नंतर पेस्ट थुंका, खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. हिरडीतून रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका; आठवड्या-दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दंतवैद्यांना दाखवा.

आणि त्या आजीची डबी हिसकावू नका. तिच्या हातात ब्रश द्या. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर मात्र थांबू नका. ती दुखत नसली तरी दाखवा.