वाफ्यात कोलमडणारी रोपे आणि हिरवी बुरशी



पारशिवनी तालुक्यात पेंचच्या जंगलालगतच्या गोंड वस्त्यांत पावसाळा सरू लागला की गादीवाफ्यावर पानकोबी-फुलकोबीचे बी पडते. थोडीच ओलिताची जमीन असलेल्या घराला हिवाळ्यात आठवडी बाजारातून रोख पैसा देणारे हे पीक. संकरित बियाणे मात्र महाग, आणि ते अनेकदा उसनवारीवर आणलेले. वाफा हिरवा दिसू लागतो न लागतो तोच रोपांचे बूड जमिनीलगत सडते आणि दोन दिवसांत रोपे आडवी होतात. दोष बियाणाला दिला जातो. पण पुष्कळदा बी चांगले असते, रोग मातीत असतो.

याला रोप कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी मातीत वर्षानुवर्षे दबून राहतात. बी दाट पडले, पाणी साचले की उठतात. रासायनिक औषध ओतले तर तेवढ्यापुरते भागते, पुढच्या हंगामात तोच वाफा पुन्हा बसतो.

या बुरशींचा वैरीही मातीतच राहतो. त्याचे नाव ट्रायकोडर्मा, रंगाने हिरवा. रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवले, की ही बुरशी रायझोक्टोनियाच्या तंतूंना वेटोळे घालते आणि त्यांच्यावरच जगते. शिवाय मुळांभोवतीची जागा आणि अन्न ती आधीच बळकावते.

वापर सोपा आहे. १ किलो भुकटी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावी, ढीग सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवावा, अधूनमधून पाणी शिंपडून उलथावा. पंधरा दिवसांनी हे खत वाफ्यात घालून मग बी पेरावे. बियाणालाही किलोमागे ४ ते ५ ग्रॅम भुकटी चोळतात. आडवे झालेले रोप मात्र यातून उठत नाही. कोबीचा घाण्या रोगही थांबत नाही; तो जिवाणूंचा आणि बियाणातून येणारा.

आपण मदत म्हणून बियाणाची पाकिटे देतो. माझ्या मते त्यासोबत ही भुकटी आणि पंधरा दिवस आधीची सूचना गेली नाही, तर ती मदत अर्धीच. भुकटीत जिवंत बीजाणू असतात, म्हणून घेताना पाकिटावरची मुदत पाहावी, ते उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये, आणि बुरशीनाशकात कालवू नये.