तापमानवाढीचा ताळेबंद : निसर्गाचा वाटा किती, माणसाचा किती?

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जत सोडून घाट चढू लागली, की दोन्ही बाजूंना काळ्याकभिन्न कातळाच्या भिंती उभ्या राहतात. थरावर थर रचल्यासारखा दिसणारा हा कातळ म्हणजे गोठलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या प्रचंड भेगांतून हा रस बाहेर पडला आणि दीर्घकाळ पसरत राहिला. आजही महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि शेजारच्या प्रदेशांत मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी त्याने व्यापलेली आहे. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. त्या महाउद्रेकांबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू अफाट प्रमाणात वातावरणात मिसळले आणि अवघ्या पृथ्वीचे हवामान ढवळून निघाले. त्या वेळी पृथ्वीतलावर ना माणूस होता, ना गिरणीचे धुराडे, ना मोटारगाडी!

साहजिकच एक प्रश्न वारंवार विचारला जातो. हवामान जर माणसाच्या आधीपासूनच बदलत आले आहे, तर आजच्या तापमानवाढीचे खापर माणसाच्या माथी का फोडावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने नव्हे, तर हिशेबाने द्यावयास हवे. खात्यात तफावत आढळली, तर कुशल हिशेबनीस कोणावरही आळ घेण्यापूर्वी एकेक नोंद तपासतो. शास्त्रज्ञांनी गेल्या दोनशे वर्षांत नेमके हेच केले आहे.

तफावत मात्र खरी आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. १८५० ते १९०० या कालखंडाच्या सरासरीपेक्षा त्या वर्षीचे जागतिक तापमान सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते.

पृथ्वीची दुलई

सूर्यप्रकाशाने तापलेली पृथ्वी आपली उष्णता अदृश्य अशा अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात परत पाठवीत असते. वातावरणातील बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू या किरणांचा काही भाग शोषून घेतात आणि पृथ्वीला ऊबदार ठेवतात. थंडीच्या रात्री अंगावर घेतलेली दुलई स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे वायूही तसेच. ते नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते. हरितगृह परिणाम हा मुळात शाप नसून वरदान आहे. चिंता आहे ती दुलईवर दुलई चढत जाण्याची.

ही जाण आजकालची नव्हे. वातावरण उष्णता अडवून ठेवते, हा विचार फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडला. १८५६ मध्ये अमेरिकेच्या युनिस फूट या विदुषीने निरनिराळे वायू भरलेल्या काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिल्या, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वाधिक तापली. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी वायूंच्या या शोषणशक्तीचे मोजमाप केले. पुढे १८९६ मध्ये स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणितच मांडून दाखविले.

निसर्गाची चार खाती

निसर्गाच्या बाजूने पहिले खाते येते ते पृथ्वीच्या भ्रमणाचे. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, तिच्या अक्षाचा कल आणि अक्षाचे डोलणे यांत हजारो वर्षांच्या अवधीत फेरबदल होत असतात. सर्बियाचे शास्त्रज्ञ मिलुतिन मिलान्कोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या फेरबदलांची हिमयुगांशी सांगड घातली. परंतु ही चक्रे अतिशय संथ आहेत. शेवटचे हिमयुग ओसरताना पृथ्वी सुमारे ५ अंशांनी तापली, पण त्यासाठी जवळजवळ १० हजार वर्षे लागली. म्हणजे शतकाला सरासरी एक दशांश अंशाहूनही कमी! आज शतक-दीड शतकातच एका अंशाहून अधिक वाढ झाली आहे. शिवाय, कक्षेची सद्यःस्थिती पाहता पृथ्वीने हळूहळू थंड होत जावयास हवे होते.

दुसरे खाते सूर्याचे. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रात कमी-अधिक होते आणि तिच्याबरोबर सूर्याची ऊर्जाही बदलते. मात्र हा बदल अवघ्या एक सहस्रांशाच्या घरातला असतो. १९७८ पासून कृत्रिम उपग्रह ही ऊर्जा थेट मोजीत आहेत. या काळात पृथ्वीचे तापमान चढत राहिले, सूर्याची ऊर्जा मात्र वाढलेली नाही.

तिसरे खाते ज्वालामुखींचे. येथे बहुतेकांची एक समजूत उलटी ठरते. मोठा उद्रेक प्रथम पृथ्वीला थंड करतो, कारण उंचावर पोहोचलेले गंधकाचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परावर्तित करतात. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोराचा उद्रेक झाला आणि १८१६ साली युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळाच उगवला नाही. १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकानंतर जगाचे तापमान वर्ष-दीड वर्षासाठी सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइडही ओकतात, हे खरे. परंतु आजच्या जगातील सर्व ज्वालामुखींचे वार्षिक उत्सर्जन माणसाच्या उत्सर्जनाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. सह्याद्री घडविणारे उद्रेक वेगळे होते आणि तसे काही आज कोठेही घडत नाही.

चौथे खाते महासागराचे. प्रशांत महासागरातील एल निनोच्या वर्षी साठलेली उष्णता वातावरणात येते, ला निनाच्या वर्षी ती पुन्हा पाण्यात मुरते. या कोड्याचा एक धागा भारतातच सापडला, ही अभिमानाची गोष्ट. भारतीय हवामान खात्याचे तत्कालीन प्रमुख गिल्बर्ट वॉकर मान्सूनच्या अंदाजासाठी जगभरातील वायुदाबाच्या नोंदी पडताळत होते, तेव्हा त्यांना दक्षिणी दोलनाचा शोध लागला. १९९७-९८, २०१५-१६ आणि २०२३-२४ या एल निनोच्या काळात पारा उसळला, हे खरेच. परंतु एल निनो उष्णता इकडची तिकडे करतो, नवी निर्माण करीत नाही. वातावरण तापण्याचे कारण केवळ तोच असता, तर समुद्र थंड झाला असता. प्रत्यक्षात पृथ्वीवर साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रातच साचत आहे.

माणसाचे खाते

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वाफेचे इंजिन धडधडू लागले आणि माणसाने दगडी कोळशाच्या खाणींना हात घातला. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू ही निसर्गाची कोट्यवधी वर्षांची मुदत ठेव आहे. प्राचीन वनस्पतींनी व जलजीवांनी हवेतून काढून घेतलेला कार्बन तीत साठला आहे. ती ठेव माणसाने दोन-अडीचशे वर्षांत मोडावयास घेतली. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते प्रमाण २८० होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात, की गेल्या ८ लाख वर्षांत हे प्रमाण कधीही ३०० च्या फारसे पुढे गेले नव्हते.

जंगलतोडीने या खात्यात भर घातली. भातखाचरे, गुरांचे पोट, कचऱ्याचे डोंगर, कोळशाच्या खाणी आणि तेलविहिरी यांतून निघणाऱ्या मिथेनचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या अडीचपटीहून अधिक झाले आहे. नत्रयुक्त खतांच्या बेसुमार वापरामुळे नायट्रस ऑक्साइड वाढला. माणसाच्या खात्यावर उलट बाजूची नोंदही आहे. धुरातील गंधकाचे कण ज्वालामुखीच्या कणांप्रमाणेच ऊन अडवितात आणि तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवतात.

उलाढाल मोठी, पण शिल्लक कशामुळे?

येथे एक शंका हटकून निघते. जमीन आणि समुद्र यांतून दरवर्षी ७०० अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माणसाचे वार्षिक उत्सर्जन ४० अब्ज टनांच्या आसपास आहे. मग एवढ्याशा वाट्याने असे काय बिघडणार?

बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना उत्तर सहज उमजेल. एखाद्या खात्यात महिन्याला ७०० रुपये जमा होतात आणि ७०० रुपये काढले जातात. उलाढाल मोठी, पण शिल्लक होती तेवढीच राहते. आता कोणी दरमहा ४० रुपये अधिक भरू लागला आणि त्यांतले निम्मेच काढले जाऊ लागले, तर उरलेले २० रुपये महिन्यामागून महिना साचत जातील. निसर्ग जेवढे हवेत सोडतो तेवढे परत घेतो. उलट माणसाने सोडलेल्यापैकी सुमारे निम्मा भागही समुद्र आणि वनस्पतीच पचवितात. उरलेला निम्मा हवेत साचतो आणि त्यातील काही भाग शतकानुशतके तेथेच राहतो.

बोटांचे ठसे

हवेत साचलेला कार्बन माणसाचाच, हे कशावरून? त्याच्यावर उगमाची मोहोर असते. कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या कोळशात व तेलात तो मुळीच उरत नाही. वनस्पतिजन्य असल्यामुळे या इंधनांत कार्बन-१३ चे प्रमाणही कमी असते. हवेतील कार्बनमध्ये कार्बन-१३ चा वाटा सतत घटत आहे, आणि ज्वालामुखींच्या वायूने तो असा घटला नसता.

दुसरा ठसा आकाशात उमटला आहे. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापली असती, तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापले असते. हरितगृह वायूंमुळे मात्र खालचा थर तापावयास आणि वरचा, स्थितांबराचा थर थंड व्हावयास हवा. स्युकुरो मानाबे यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९६७ मध्ये गणिताने हे दाखवून दिले होते, आणि नंतरच्या मोजमापांत तसेच आढळले. निसर्गाचे आणि माणसाचे ठसे वेगळे ओळखण्याची पद्धत क्लाउस हासेलमान यांनी विकसित केली. या दोघांना २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीने २०२१ च्या अहवालात हा ताळेबंद मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत २०१० ते २०१९ या दशकापर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश, म्हणजे मोजलेल्या वाढीइतकीच भरते. हरितगृह वायूंचा वाटा १ ते २ अंश असून धूलिकण-धुराने त्यातील ०.८ अंशापर्यंतची वाढ झाकली असावी. सूर्य आणि ज्वालामुखी यांची निव्वळ नोंद मात्र शून्याच्या अवतीभवती, अधिक-उणे एक दशांश अंश एवढीच आहे.

आपल्या अंगणात

भारतही या हिशेबाबाहेर नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार, १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्णकटिबंधीय भागाचा पृष्ठभाग सुमारे १ अंशाने तापला. तापलेली हवा अधिक बाष्प धरते. त्यामुळे पाऊस लांबला तर ओढ मोठी आणि कोसळला तर तासाभरात पूर, असे दुहेरी संकट शेतकऱ्यापुढे उभे राहते. त्याचे पीक, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलांचे शिक्षण या सर्वांची नाळ अखेर आभाळाशीच जोडलेली असते. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीपेक्षा बरेच कमी आहे, हे येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु आभाळ वाटून घेता येत नाही.

दोष आणि दिलासा

तापमानवाढीचे कारण सूर्य किंवा पृथ्वीची कक्षा असती, तर माणसाच्या हाती सोसण्याखेरीज काहीच उरले नसते. ते कारण माणसाच्या व्यवहारात आहे, यात दोष आहे तसा दिलासाही आहे. शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी ओझोनचा थर विरळ होऊ लागला, तेव्हा जगातील राष्ट्रांनी १९८७ मध्ये माँट्रियल करार केला. ते वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि आज ओझोनचा थर सावरत आहे. हेच वायू प्रखर हरितगृह वायूही असल्याने तापमानवाढीलाही तेवढाच आळा बसला. कोळसा आणि तेल यांची सवय त्याहून कितीतरी खोलवर रुजलेली आहे, म्हणून हे काम अवघड आहे. पण ते अशक्य नाही.

मिथेन सुमारे बारा वर्षांत हवेतून नाहीसा होतो, त्यामुळे त्याच्या कपातीचे फळ याच पिढीला दिसू शकते. कार्बन डायऑक्साइडची थकबाकी मात्र पुढच्या पिढ्यांच्या नावे जमा होत राहते. छतावरील सौर पॅनेल, काटकसरीने वापरलेली वीज, जपलेले रान, बेताने दिलेले खत यांपैकी कोणतीही एक गोष्ट हा ताळेबंद जुळवू शकणार नाही, पण प्रत्येक गोष्ट योग्य बाजूची नोंद आहे. सह्याद्रीचा कातळ निसर्गाने रचला, तेव्हा त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. आजच्या नोंदी आपल्या हस्ताक्षरात आहेत, आणि त्या पुढची पिढी वाचणार आहे.