पहाटेची धाप, दिवसाचे औषध

दिवसभर नीट वावरणाऱ्या माणसाला पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येते. छातीत घरघर सुरू होते, आडवे पडवत नाही, उठून बसावे लागते. मग पंपाचे दोन पफ किंवा जवळच्या दवाखान्यातली वाफ घेतली, की उजाडेपर्यंत बरे वाटते आणि माणूस कामाला लागतो. घरच्यांना हायसे वाटते. रात्रीपुरताच त्रास आहे, दिवसा काही नाही, म्हणजे आजार किरकोळ असावा असे ते धरून चालतात. हा समज धोक्याचा आहे. दमा असलेल्या माणसाची खोकल्याने किंवा धापेने झोपमोड होणे, ही आजार आटोक्यात नसल्याची ठळक खूण आहे. म्हणून उपचाराची कसोटी पहाटेची धाप किती लवकर थांबली ही नसावी. ती आलीच नाही, अशा रात्री किती गेल्या, हे पाहायला हवे.

रात्रीच असे का होते, हे समजले की पुढचे सारे सोपे होते. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याला स्वतःला दमा होता. १६९८ साली दम्यावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने झोपेनंतर रात्री उठणाऱ्या धापेची नोंद केली आहे. आज त्यामागची कारणे माहीत आहेत. आपल्या श्वासनलिका दुपारी चारच्या आसपास सर्वांत मोकळ्या असतात आणि पहाटे चारच्या आसपास सर्वांत अरुंद. रात्री कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनालिन ही संप्रेरके ओसरतात. त्यातले पहिले दाह दाबून ठेवते, दुसरे श्वासनलिका सैल ठेवते. हे रोज प्रत्येकाच्या शरीरात घडते, पण निरोगी माणसाला ते जाणवतही नाही, कारण त्याच्या नलिकांत भरपूर जागा असते. दम्याच्या रुग्णाच्या नलिका आतून आधीच सुजलेल्या असल्याने तेवढेसे आकुंचनही त्याला झोपेतून उठवते. हा दोष अंथरुणाचा किंवा गार हवेचाच असावा, अशी शंका घेता येईल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दम्याच्या १७ रुग्णांवर झोप, हालचाल आणि भोवतालचा परिणाम वेगळा काढून निरीक्षणे घेतली गेली. तरीही शरीराच्या घड्याळानुसार जेव्हा रात्र होती, तेव्हाच त्यांच्या श्वासनलिका सर्वाधिक आवळलेल्या आढळल्या.

याचा अर्थ असा, की सूज चोवीस तास असते आणि रात्र ती उघडी पाडते. म्हणूनच दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांनी विचारायचा एक प्रश्न असा आहे : गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे एकदा तरी जाग आली का? उत्तर ‘हो’ असेल तर नियंत्रणात उणीव आहे. ब्रिटनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ७,७२९ रुग्णांच्या पाहणीत ७४ टक्के लोकांची आठवड्यातून एकदा तरी झोपमोड होत होती. इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीची सवय होते, आणि सवय झालेला त्रास रुग्ण डॉक्टरांना सांगतही नाही. साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत नलिकेभोवतीचे स्नायू सैल करतो, पण त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो आणि सूज जागेवरच राहते. सूज उतरवते ते श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड. कॅनडातील रुग्णांच्या नोंदींवरून २००० साली दिसून आले, की वर्षभरात या औषधाचा एकेक डबा जास्त वापरला गेला, तसा दम्याने मृत्यू येण्याचा दर सुमारे २१ टक्क्यांनी घटत गेला. २०१९पासून या मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

इथे आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप येतो : पंपाची सवय लागते, आणि स्टिरॉइड म्हणजे विषच. भीतीला थोडा आधार आहे, कारण स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास हाडे, साखर आणि डोळ्यांवर दुष्परिणाम होतात. पण गोळीतली मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, पंपातली त्याच्या हजाराव्या भागात, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. घसा बसणे, तोंडात पांढरी बुरशी येणे हे त्रास स्पेसर वापरून आणि नंतर चूळ भरून बरेचसे टळतात. मुलांची उंची किंचित कमी राहू शकते, हेही खरे. एका दीर्घ अमेरिकी अभ्यासात प्रौढपणी तो फरक सरासरी १.२ सेंटिमीटर आढळला. त्याच्या पलीकडे वर्षानुवर्षांची मोडलेली झोप, बुडालेली शाळा आणि वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या ठेवून पाहाव्यात. औषध थांबवल्यावर त्रास परततो तो व्यसनामुळे नाही. उच्च रक्तदाबाची गोळी सोडली की दाब वाढतो, तसेच हे आहे.

दुसरा आक्षेप जास्त समंजस आहे : औषधापेक्षा घरच सुधारावे. सुधारावेच. मच्छर अगरबत्ती तर आजच बंद करावी, कारण अशी एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, असे मोजमाप झाले आहे. मच्छरदाणी हा चांगला पर्याय आहे. पावसाळ्यात भिंतीला धरणारी बुरशी काढावी, घरात कुणी विडी-सिगारेट ओढू नये. पण यावर सारी भिस्त ठेवता येत नाही. धुळीतल्या कीटकांना रोखणाऱ्या गादीच्या खोळींचा प्रयोग १,१२२ प्रौढ रुग्णांवर झाला, तेव्हा नुसत्या खोळींनी दमा सुधारला नाही. तसेच अ‍ॅलर्जी सिद्ध झालेली नसताना मुलाचे दही, केळी, भात बंद केल्याने सूज उतरत नाही, त्याच्या ताटातले मात्र कमी होते.

रात्रीचा प्रत्येक खोकला दम्याचा नसतो, हे मात्र विसरू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल तर क्षयाची तपासणी हवी. पाय सुजत असतील आणि आडवे होताच दम लागत असेल, तर हृदय तपासावे लागते. आम्लपित्त, नाकातून घशात उतरणारा स्राव आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही खोकला येतो. म्हणून औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणण्याऐवजी फुंकून करायची श्वासाची चाचणी करून घ्यावी. किती वाजता जाग आली, पंप किती वेळा लागला, हे महिनाभर लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी. पंप ओढण्याची पद्धतही त्यांच्यासमोर करून पाहावी, कारण चुकीच्या पद्धतीने चांगले औषध वाया जाते. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बहुतेक रुग्णांना मात्र नियमित उपचाराने अखंड झोप मिळू शकते. ती मिळेपर्यंत उपचार पुरेसा आहे, असे रुग्णाने मानू नये आणि डॉक्टरांनीही.